वैद्याचा शब्द, आईचा शब्द

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत माझ्या हातून एक चूक झाली. चूक एवढ्याशा एका शब्दाची होती आणि ती वेळीच लक्षात आली, त्यामुळे कोणाचे काही बिघडले नाही. परंतु त्या चुकीने मला तेव्हापासून स्वस्थ बसू दिलेले नाही. भाषा शिकणाऱ्या आपणां सर्वांशीच तिचा काही संबंध आहे असे वाटल्यावरून, आणि वार्षिकाच्या संपादकांनी चार पाने देऊ केल्यावरून, हा लेख लिहीत आहे.

दोन वर्षे स्पॅनिशचे वर्ग केल्यानंतर मी शहरातील एका भाषांतराच्या कचेरीत शिकाऊ म्हणून जाऊ लागले. तिथे येणारे कागद निरनिराळे असतात : करारनामे, यंत्रांच्या माहितीपुस्तिका, आणि मधूनमधून इस्पितळांचे कागद. स्पॅनिश बोलणारा रोगी इंग्रजी बोलणाऱ्या डॉक्टरकडे जातो तेव्हा त्याचे जुने कागद इंग्रजीत करून लागतात. असाच एक कागद, नाव-गाव खोडलेला, माझ्यापुढे आला. एका मुलाला फेफऱ्याचे झटके येत होते, त्याचा तो वृत्तान्त होता. त्यात एक वाक्य असे होते की, 'पोसक्रितिको' काळात मुलगा बराच वेळ झोपला. मी शब्दकोश उघडला. 'क्रितिको' म्हणजे इंग्रजीतले 'क्रिटिकल'. 'पोस' म्हणजे 'नंतरचे'. 'पोस्ट-क्रिटिकल पीरियड' असे लिहून मी मोकळी झाले आणि पुढच्या ओळीकडे वळले.

कागद तपासणाऱ्या बाईंनी त्या शब्दांखाली रेघ ओढली आणि विचारले, "हे वाचून तिकडच्या डॉक्टरला काय कळेल?"

"मुलगा अत्यवस्थ होता आणि मग त्यातून सावरला."

"आणि मूळ कागदात काय लिहिले आहे?"

मला उत्तर देता येईना. बाई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "शब्दकोश तू बरोबर पाहिलास. पण हे डॉक्टर लोक आपापसांत काय म्हणतात, ते कुठे पाहिलेस?"

मग त्यांनी जे समजावून दिले ते थोडक्यात असे. फेफऱ्याच्या झटक्याला स्पॅनिश डॉक्टर 'क्रिसिस' म्हणतात. या शब्दाचे एकवचन आणि अनेकवचन एकच असते. झटका एक की अनेक, हेसुद्धा शेजारच्या शब्दांवरून ओळखावे लागते. या 'क्रिसिस'वरूनच विशेषणे होतात. 'क्रितिको' म्हणजे झटका चालू असतानाचे, 'इंतेरक्रितिको' म्हणजे दोन झटक्यांमधले, आणि 'पोसक्रितिको' म्हणजे झटका ओसरल्यानंतरचे. इंग्रज डॉक्टर झटक्याला 'सीझर' म्हणतो, पण विशेषण करताना लॅटिनमधल्या 'इक्टस' म्हणजे 'आघात' या शब्दाकडे जातो. त्याचे शब्द 'इक्टल', 'इंटरइक्टल' आणि 'पोस्टइक्टल'. तेव्हा त्या मुलाचे दुखणे काही विकोपाला गेले नव्हते. झटका थांबल्यावर तो झोपला, इतकेच. झटक्यानंतर अशी गुंगी येणे नेहमीचेच आहे. मी मात्र त्याला कागदावर मरणाच्या दारात नेऊन परत आणले होते.

याहून गंमत पुढे आहे. लॅटिनमधला तोच शब्द स्पॅनिशमध्ये 'इक्तुस' म्हणून नांदतो, आणि तिथे त्याचा रूढ अर्थ मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्याने किंवा मेंदूत रक्तस्राव झाल्याने येणारा झटका, म्हणजे इंग्रजीतला 'स्ट्रोक'. म्हणजे 'पोस्टइक्टल' शब्द नुकताच शिकलेल्या माझ्यासारखीने 'इक्तुस' पाहून फेफरे समजावे, तर तो निघायचा अर्धांगाचा रोगी! एकाच आजोबांचे दोन नातू दोन गावी वाढले आणि चेहऱ्याने सारखे पण धंद्याने वेगळे निघाले, तशी ही स्थिती आहे.

शब्दांची ही गल्लत आपल्याकडेही होते. मी घरी फोनवर कोणाशी तरी 'सीझर' या शब्दाविषयी बोलत होते. आजी पलीकडून विचारू लागली, "कोणाचं सीझर झालं गं? मुलगा की मुलगी?" मराठी घरात 'सीझर' म्हणजे पोट चिरून केलेले बाळंतपण, दुसरा अर्थ तिच्या गावीही नाही. आजीचे काही चुकले नाही. शब्द ज्या घरात राहतो त्या घरचाच अर्थ तो सांगणार.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. वैद्यकीय भाषांतराबद्दल आपल्याकडे दोन समजुती आहेत आणि माझ्या मते दोन्ही चुकीच्या आहेत. पहिली समजूत अशी की, शास्त्रातले शब्द सगळीकडे सारखे, बहुतेक ग्रीक-लॅटिनमधून आलेले. तेव्हा ते शब्दाला शब्द ठेवून उतरवावेत, त्यात डोके चालवण्यासारखे काही नाही. दुसरी याच्या नेमकी उलट : रोगी आणि त्याचे नातेवाईक अडाणीपणाने काहीबाही बोलतात, तेव्हा भाषांतरकाराने ते सुधारून शास्त्रीय शब्दांत मांडावे. मला असे वाटू लागले आहे की, करायचे असते ते याच्या अगदी उलट. जिथे वैद्य बोलतो तिथे शब्दाचे रूप सोडून द्यावे आणि दुसऱ्या भाषेतला वैद्य त्याच गोष्टीला जे म्हणतो ते लिहावे. जिथे आई बोलते तिथे मात्र तिच्या शब्दाला हात लावू नये.

प्रथम वैद्याचा शब्द घेऊ. स्पेनमधल्या इस्पितळांच्या कागदांवर 'क्रिसिस कोमिसिआल' असा एक प्रयोग आढळतो. इंग्रजीत त्याचे 'कोमिशियल क्रायसिस' केले तर वाचणाऱ्याला हा कुठल्या समितीतला पेचप्रसंग, असा प्रश्न पडेल. आणि मुळाकडे गेले तर ते फार चूकही नाही! प्राचीन रोममध्ये 'कोमितिआ' म्हणजे लोकसभा भरत असे. सभा चालू असताना कोणाला फेफरे आले तर तो अपशकुन मानून सभा बरखास्त करीत. त्यावरून या रोगाला 'सभेचा रोग' असे लॅटिन नाव पडले. रोमची सभा गेली, शकुन गेले, पण विशेषण स्पॅनिश डॉक्टरांच्या लेखणीत राहिले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने यावर खुशाल निबंध लिहावा. पण रोग्याच्या कागदावर भाषांतरकाराने 'एपिलेप्टिक सीझर' एवढेच लिहावे आणि रोमचा मोह आवरावा.

दुसरे उदाहरण हसण्यासारखे नाही. झटका थांबतच नाही, किंवा एक ओसरून शुद्ध येण्यापूर्वी दुसरा येतो, अशा अवस्थेला स्पॅनिशमध्ये 'एस्तादो दे माल एपिलेप्तिको' म्हणतात. 'माल' म्हणजे वाईट. दुखणेही आणि पापही. शब्दाला शब्द ठेवला तर 'अपस्माराची वाईट अवस्था' असे काहीतरी होईल. वाचणाऱ्याला वाटेल, रोग्याची तब्येत जरा खालावलेली दिसते. इंग्रजीत याचे नाव 'स्टेटस एपिलेप्टिकस', आणि हे दोन शब्द दिसताच डॉक्टर खुर्चीतून उठतो. सर्वांगाला येणारा झटका पाच मिनिटांहून अधिक चालला की तो आपोआप थांबेल असा भरवसा धरता येत नाही आणि उपचार तातडीने सुरू करावे लागतात. इथे शब्दाशी प्रामाणिक राहणे म्हणजे रोग्याशी अप्रामाणिक होणे.

आद्याक्षरांचा घोळ तर विचारू नका. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवतीच्या द्रवाला स्पॅनिश कागदात 'एल. सी. आर.' म्हटलेले असते, इंग्रजीत तोच 'सी. एस. एफ.'. फेफऱ्यावरच्या औषधांना तिकडे 'एफ. ए. ई.' म्हणत आले, इकडे 'ए. ई. डी.'. पण हीच तीन इंग्रजी अक्षरे विमानतळाच्या भिंतीवर, हृदय बंद पडल्यास ते चालू करण्याच्या विजेच्या पेटीवरही लिहिलेली असतात. म्हणून बाईंचा नियम असा की, आद्याक्षरे पहिल्यांदा येतील तिथे पुरी उलगडून लिहायची. कागद दोन ओळींनी वाढला तरी चालेल. मेंदूच्या विद्युत-आलेखात एक टोकदार उभार आणि त्यामागे एक संथ लाट अशी आकृती उमटते. स्पॅनिशमध्ये ती 'पुंता-ओंदा', म्हणजे टोक आणि लाट. इंग्रज टोकाला 'टिप' म्हणेल, पण इथे नाही. इथे त्याचा शब्द 'स्पाइक'. असे शब्द सामान्य शब्दकोशात नसतात. ते त्या त्या भाषेतल्या डॉक्टरांचे लेख वाचून वहीत उतरवावे लागतात. हे काम कंटाळवाणे आहे. पण संस्कृत किंवा प्राकृतच्या अभ्यासकाने पाठ जुळवताना केलेल्या कामापेक्षा ते फार वेगळे नाही.

आता आईचा शब्द. १९८० साली अमेरिकेत फ्लॉरिडा राज्यात घडलेली एक गोष्ट या क्षेत्रात वारंवार सांगितली जाते. क्यूबाहून आलेल्या एका कुटुंबातला १८ वर्षांचा मुलगा बेशुद्धावस्थेत इस्पितळात आणला गेला. घरच्यांनी सांगताना 'इंतोक्सिकादो' हा शब्द वापरला. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ, खाण्यापिण्यातून काहीतरी बाधले आहे. ऐकणाऱ्यांनी तो इंग्रजीतला 'इंटॉक्सिकेटेड' समजला, आणि मादक पदार्थांचा अतिरेक झाला म्हणून उपचार सुरू केले. वस्तुतः मुलाच्या मेंदूत रक्तस्राव होत होता. तो ध्यानात येईपर्यंत दोन दिवस गेले होते. मुलगा जगला, पण त्याचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय कायमचे लुळे झाले. पुढे दावा झाला आणि सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरांची भरपाई ठरली. या गोष्टीत फेफरे नाही, हे खरे. पण दुभाषा बोलवावा असे तिथे कोणालाच वाटले नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. शब्द ओळखीचा वाटला, तेवढ्याने अर्थही कळला असे सर्वांनी गृहीत धरले. अमेरिकेत आज चार कोटींहून अधिक लोक घरी स्पॅनिश बोलतात. तेव्हा रात्री-अपरात्री घाबरून आलेल्या एखाद्या आईचे स्पॅनिश बोलणे इंग्रजीत नेण्याचा प्रसंग तिकडे रोजचाच आहे.

अशी आई काय म्हणते? ती म्हणते, 'से केदा ईदा'. शब्दशः, 'मुलगी गेलेली राहते'. मुलगी हाक मारली तरी ओ देत नाही, टक लावून बघत राहते, आणि थोड्या वेळाने काही झालेच नाही अशी खेळू लागते. स्पॅनिश जाणणाऱ्या हुशार भाषांतरकाराला इथे मोह होतो. त्याला ठाऊक असते की 'आउसेंसिया' नावाचा झटका असतो, इंग्रजीत त्यालाच 'ॲब्सेन्स सीझर' म्हणतात, आणि आईचे वर्णन त्याच्याशी जुळते. तो तसे लिहून टाकतो. कागद भारदस्त दिसतो, पण त्याने नकळत निदान करून टाकलेले असते. टक लावून बघणे एका प्रकारच्या झटक्यात होते तसे दुसऱ्या प्रकारच्या झटक्यातही होते, आणि नुसत्या तंद्रीतही होते. औषधे मात्र वेगवेगळी असतात. कार्बामाझेपिन हे औषध मेंदूच्या एका भागातून सुरू होणाऱ्या झटक्यांवर चांगले चालते. तेच 'ॲब्सेन्स' प्रकारात दिले तर झटके वाढू शकतात. तेव्हा कोणता झटका, हे डॉक्टरने ठरवायचे. भाषांतरकाराने लिहावे ते एवढेच की, आई म्हणते, मुलगी जागच्या जागी हरवल्यासारखी होते.

स्पॅनिश डॉक्टरही हा भेद पाळतात. त्यांच्या कागदावर 'पासिएंते रेफिएरे' असे येते. म्हणजे 'रोगी असे सांगतो'. 'रोगी संदर्भ देतो' किंवा 'रोगी पाठवतो' असे नव्हे. जे डॉक्टरने पाहिले ते वेगळे आणि जे त्याला सांगितले गेले ते वेगळे, असे ते क्रियापद बजावत असते. ते चुकले की ऐकीव गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली होते.

आणि एक व्याकरणाची गोष्ट, जी मराठी माणसाला इंग्रजापेक्षा लवकर कळावी. स्पॅनिश आई म्हणते, 'ले दिओ उन आताके'. शब्दशः, 'त्याला एक झटका दिला'. कोणी दिला? कोणीच नाही, वाक्यात कर्ता आहे पण तो माणूस नाही. आपण म्हणतो, 'त्याला फिट आली'. आपल्याही वाक्यात माणसाला चतुर्थी आहे, येणारी ती फिट. इंग्रज म्हणतो, 'त्याच्याजवळ एक सीझर होता' अशा घाटाचे वाक्य, जणू खिशात रुमाल होता. इंग्रजीत तसे लिहावेच लागते, त्याला इलाज नाही. परंतु हे माझ्यावर बाहेरून येऊन आदळते, यात माझा काही हात नाही, हे त्या आईच्या व्याकरणात जे होते ते वाटेत सांडते. असे काही सांडले हे निदान आपल्याला ठाऊक असावे. गंमत अशी की 'एपिलेप्सी' या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थही 'झडप घालून पकडणे' असाच आहे, आणि इंग्रजी 'सीझर'मध्येही पकडण्याचीच कल्पना आहे. व्याकरणात जे हरवले ते शब्दाच्या पोटात कुठेतरी शिल्लक आहे.

शास्त्राचा शब्द तरी स्थिर असतो का? तोही नाही. १९०९ साली बुडापेस्टला स्थापन झालेली अपस्मारविरोधी आंतरराष्ट्रीय संघटना वेळोवेळी झटक्यांचे वर्गीकरण करते. १९८१ च्या वर्गीकरणात 'कॉम्प्लेक्स पार्शियल' नावाचा झटका होता. स्पॅनिशमध्ये तो 'क्रिसिस पार्सिआल कोंप्लेहा'. २०१७ मध्ये ते नाव गेले आणि इंग्रजीत 'अवेअरनेस' म्हणजे भान या शब्दावर नवी नावे बेतली गेली. आता पंचाईत अशी की, 'अवेअरनेस' आणि 'कॉन्शसनेस' हे इंग्रजीतले दोन शब्द स्पॅनिशमध्ये बहुधा एकाच 'कोन्सिएन्सिया' या शब्दात जाऊन बसतात, आणि त्याच शब्दाचा आणखी एक अर्थ सदसद्विवेकबुद्धी असाही आहे. शिवाय सामान्य माणूस बेशुद्धीला म्हणतो 'पेर्दिदा दे कोनोसिमिएंतो', शब्दशः 'ज्ञानाचा नाश'. स्पॅनिशमधून इंग्रजीत येणाऱ्याने कोणता शब्द उचलावा? २०२५ मध्ये त्याच संघटनेने पुन्हा 'कॉन्शसनेस' हा शब्द वर्गीकरणात आणला. त्यामागची वैद्यकीय कारणे डॉक्टरांनी सांगावीत. भाषेच्या विद्यार्थिनीने त्यातून इतकाच बोध घ्यावा की, इंग्रजी शब्द हा अंतिम प्रमाण नव्हे. त्यालाही माघार घ्यावी लागते. म्हणून जुन्या कागदाचे भाषांतर करताना जुनेच नाव ठेवावे. १९९५ चा कागद २०२५ च्या भाषेत बोलू लागला तर त्या वेळच्या डॉक्टरला काय माहीत होते हे कळणारच नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे दूरचे वाटत असेल तर त्यांनी 'दोन किहोते'चा १६१५ साली निघालेला दुसरा भाग आठवावा. सांचो पान्सा बेटाचा राज्यपाल झाल्यावर त्याच्याकडे एक शेतकरी येतो आणि आपल्या मुलाविषयी सांगतो. मुलाला भुताने पछाडले आहे, दिवसातून तीन-चार वेळा पिशाच्चे त्याला छळतात, आणि एकदा विस्तवात पडल्याने त्याचा चेहरा सुरकुतून गेला आहे. आजच्या वाचकाच्या मनात लगेच येते की हे फेफरे असावे. पण भाषांतरकाराने तिथे 'एपिलेप्सी' लिहिले तर सर्व्हान्तेसचा शेतकरी मेला आणि त्याच्या जागी डॉक्टर उभा राहिला! त्या काळी स्पॅनिशमध्ये रोगाला नावे नव्हती असे नाही. 'गोता कोराल' हे एक नाव होते. 'गोता' म्हणजे थेंब, आणि 'कोराल' शब्दाचा संबंध हृदयाशी जोडला जाई. लहान मुलांच्या झटक्यांना 'आल्फेरेसिया' म्हणत. तो शब्द अरबीतून आलेला. इंग्रजीतही 'फॉलिंग सिकनेस', म्हणजे पडण्याचा रोग, असे जुने नाव होते. शेक्सपिअरने ज्युलिअस सीझरला तोच रोग दिला आहे. शेतकऱ्याने यांपैकी एकही नाव घेतले नाही, भुताचे घेतले. ते तसेच ठेवणे हे भाषांतरकाराचे कर्तव्य आहे.

आता ज्या कारणाने हा विषय मला लागून राहिला ते सांगते. माझ्या मावसभावाला लहानपणी 'चक्कर' येत असे. निदान आमच्या घरात त्याला चक्कर म्हणत. मावशी डॉक्टरांना सांगे, "ह्याला चक्कर येते." डॉक्टर विचारत, "जेवण नीट करतो का?" आणि टॉनिक लिहून देत. असे वर्ष-दीड वर्ष चालले. त्याला शाळेत एकदा झटका आला तेव्हा वर्गशिक्षकांनी घड्याळ लावून पाहिले, डोळे कसे फिरले, कोणता हात आधी हलला हे लिहून काढले आणि तो कागद मावशीच्या हाती दिला. तेव्हा कुठे निदान झाले. औषध सुरू झाले, झटके थांबले, आणि आज तो नोकरीला आहे. मावशीला 'फिट' हा शब्द ठाऊक नव्हता काय? चांगला ठाऊक होता. पण तो उच्चारला की पुढे मुलाचे लग्न, नोकरी, शेजाऱ्यांच्या नजरा, सगळे डोळ्यांपुढे उभे राहत असे. गावाकडे फेफरे आलेल्याच्या नाकाला चप्पल लावतात, कांदा फोडून हुंगवतात. त्याचा काही उपयोग नसतो, पण बघ्यांना तेवढेच काम मिळते. तिला ती गर्दी नको होती. म्हणून तिने चक्कर हा सोवळा शब्द निवडला. जगात सुमारे पाच कोटी लोकांना हा विकार आहे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांच्यापैकी किती जणांच्या घरात असा सोवळा शब्द असेल!

म्हणून आईच्या शब्दाला हात लावू नये असे म्हणते, तेव्हा तो नुसता उतरवून गप्प बसावे असे मला म्हणायचे नाही. समोर माणूस असेल तर विचारावे : चक्कर म्हणजे घर फिरल्यासारखे वाटते, की काही आठवतच नाही? आणि नुसता कागद समोर असेल तर शब्द तसाच ठेवून खाली टीप द्यावी की, या शब्दाचे असे दोन अर्थ होतात. शंका उघडपणे लिहिण्यात कमीपणा नाही. ती दडपण्यात आहे. अमेरिकेतल्या मानसरोगतज्ज्ञांनी १९९४ च्या आपल्या वर्गीकरणग्रंथात कॅरिबियन बेटांतल्या स्पॅनिश बोलणाऱ्यांचा 'आताके दे नेर्विओस' हा शब्द जसाच्या तसा ठेवला. तो फेफऱ्यासारखा दिसू शकतो, पण फेफरे नव्हे. शब्दशः तो 'नसांचा झटका'. पण तसे भाषांतर केले असते तर मज्जासंस्थेचा रोग वाटला असता. कधी कधी भाषांतर न करणे हेच भाषांतर असते.

यावर काही आक्षेप येतील. आमच्याच वर्गातला एकजण म्हणाला, "हे सगळे आता यंत्र करते. तू कशाला डोके फोडून घेतेस?" खरे आहे. मी त्याच्यासमोरच 'पोसक्रितिको'चे वाक्य यंत्राला घालून पाहिले, आणि यंत्राने पहिल्याच फटक्यात 'पोस्टइक्टल' दिले. मला जे सुटीत शिकावे लागले ते त्याला आधीच येत होते. वैद्याच्या शब्दाबाबत यंत्र दिवसेंदिवस हुशार होत जाणार, आणि त्याचे मला वाईट वाटत नाही. पण आईचा तुटक, घाबरलेला शब्द घातला की ते गुळगुळीत, शहाणे वाक्य करून देते, आणि जिथे चुकते तिथेही त्याच आत्मविश्वासाने चुकते. मावशीची 'चक्कर' ऐकून थांबावे, पुन्हा विचारावे, असे त्याला आपण होऊन सुचत नाही. मलाही सुचले नव्हते म्हणा. म्हणूनच बाईंची रेघ हवी.

दुसरा आक्षेप आपल्या गुरुजनांपैकी कोणी घेतील : कला शाखेच्या विद्यार्थ्याने वैद्यकात नाक का खुपसावे? त्यांना नम्रपणे सांगावेसे वाटते की, इथे वैद्यक डॉक्टरकडेच ठेवायचे आहे. आपल्याकडे येते ती भाषा. कोण बोलतो आहे, कोणाशी, कुठल्या काळात, काय दडवून, हे ओळखायला आपण कवितेच्या तासाला शिकतो. ते शिक्षण फक्त कवितेपुरतेच असेल तर ते थिटे आहे. आणि 'कलाशाखेला जाऊन करणार काय?' असे विचारणाऱ्या नातेवाइकांना सांगायला त्यातून एक बरे उत्तरही मिळेल.

आपल्या भाषेत 'अपस्मार' हा फार जुना शब्द आहे; चरकसंहितेत त्याचे विवेचन आहे, आणि त्यात 'स्मृतीचा लोप' असा अर्थ आहे. बोलीत फेफरे आहे, मिरगी आहे, आकडी आहे, फिट आहे, आणि सोवळी चक्करही आहे. 'शुद्ध' आणि 'भान' असे दोन वेगळे शब्दही आपल्याजवळ आहेत. डोळे उघडे असलेला, बसलेला, पण हाक न ऐकणारा मुलगा शुद्धीवर असूनही भानावर नसतो, हे आपली आजीसुद्धा सांगेल. आपल्या जिल्ह्यातले वैद्यकीय विद्यार्थी इंग्रजी पुस्तकांतून शिकतात आणि बाह्यरुग्ण विभागात असे मराठी ऐकतात. त्या दोहोंमधले अंतर स्पॅनिश आणि इंग्रजीतल्या अंतरापेक्षा कमी आहे असे मला वाटत नाही. आपल्या भाषा मंडळाने या वर्षी एक साधी वही करावी : आपापल्या गावी फेफऱ्याला, झटक्याला, बेशुद्धीला लोक काय काय म्हणतात, आणि कोणत्या शब्दाने काय झाकतात. नावे कोणाची लिहायची नाहीत, फक्त शब्द लिहायचे.

पहिल्या पानावरचा पहिला शब्द मी मावशीला विचारून लिहिला आहे. तिने थोडा वेळ घेतला, आणि मग स्वतःच म्हणाली, "लिही. चक्कर. आणि कंसात लिही, फिट."